कार्ड परत पाठवू नका

प्रश्न : मी ४९ वर्षांची असून न्यू जर्सीत एकटी राहते. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारामुळे नोकरी सोडावी लागली आणि तेव्हापासून सोशल सिक्युरिटीच्या अपंगत्व-लाभावर, म्हणजे एसएसडीआयवर, गुजराण चालते. दरमहा १,६४० डॉलर मिळतात. वर्षातून दोनदा शिरेतून औषध घ्यावे लागते. तो सगळा खर्च मेडिकेड ही अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठीची सरकारी योजना उचलते. गेल्या आठवड्यात टपालाने मेडिकेअरचे कार्ड आले. ते १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू होणार असून ‘पार्ट बी’साठी, म्हणजे डॉक्टर आणि दवाखान्यातील उपचारांच्या विम्यासाठी, दरमहा १८५ डॉलर लाभातून कापले जातील, नको असल्यास कार्ड परत पाठवावे, असे सोबतच्या पत्रात आहे. मैत्रीण म्हणते, फुकटचे चालू असताना विकतचे कशाला घेतेस? मी मेडिकेडच ठेवू का? माझी येथे ४,००० डॉलर बचत आणि पुण्याच्या बँकेत ३ लाख रुपयांची मुदत ठेव आहे. हिवाळ्यात दोन महिने पुण्याला जाण्याचाही विचार आहे.

उत्तर : कार्ड परत पाठवू नका. मैत्रिणीचा सल्ला व्यवहारी वाटतो खरा, पण तो ज्या गृहीतकावर उभा आहे तेच १ नोव्हेंबरला ढासळणार आहे.

मेडिकेअर आणि मेडिकेड हे दोन्ही कार्यक्रम ३० जुलै १९६५ रोजी एकाच कायद्याने जन्माला आले. नावेही इतकी सारखी की इथे जन्मलेले लोकसुद्धा गफलत करतात. मेडिकेअर हा वयाने किंवा अपंगत्वाने मिळणारा हक्काचा विमा आहे. १९७२ च्या दुरुस्तीने त्यात अपंगत्व-लाभ घेणाऱ्यांना जागा मिळाली, मात्र लाभ सुरू झाल्यावर २४ महिने थांबण्याच्या अटीवर. आपले ते महिने आता भरले. मेडिकेड उत्पन्नावर अवलंबून असते आणि त्याच्या पोटात निरनिराळे गट असतात. आपल्याला ज्या गटातून ते मिळत आले असावे, तो ६५ वर्षांखालील प्रौढांचा विस्तारित गट आहे. त्यात दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत, म्हणजे २०२५ साली एकट्या व्यक्तीस महिना सुमारे १,८०० डॉलरपर्यंत, उत्पन्न चालते आणि बचतीची चौकशी होत नाही. परंतु ज्याला मेडिकेअर लागू झाले त्याला या गटात राहता येत नाही. कार्ड परत करून हा नियम चुकवता येत नाही, कारण ‘पार्ट ए’ हा रुग्णालयाचा विमा आपल्याला विनाहप्ता मिळणारच आहे. म्हणजे मेडिकेड जाईल आणि हाती केवळ रुग्णालयात भरती झाल्यावर उपयोगी पडणारा निम्मा विमा उरेल. पुढे ‘पार्ट बी’ घ्यायचा म्हटला तर जानेवारी ते मार्च एवढाच काळ नोंदणी होते आणि उशिराच्या दर पूर्ण वर्षामागे हप्ता १० टक्क्यांनी चढतो.

अपंगांसाठीच्या दुसऱ्या गटातून मेडिकेड चालू राहील का, हे पाहणे राज्याचे कर्तव्य आहे आणि तशी तपासणी झाल्याशिवाय ते बंद करता येत नाही. पण न्यू जर्सीत त्या गटाची उत्पन्नमर्यादा दारिद्र्यरेषेइतकीच, म्हणजे २०२५ साली महिना सुमारे १,३०५ डॉलर होती आणि आपला लाभ तिच्यापेक्षा बराच अधिक आहे. त्यामुळे त्या वाटेवर फार आशा ठेवू नये. प्रकृतीला झेपेल तेवढे, आठवड्यातून काही तासांचे का होईना, पगारी काम आपण करू शकत असाल, तर काम करणाऱ्या अपंगांसाठीच्या ‘वर्कॲबिलिटी’ या मेडिकेड योजनेची चौकशी मात्र अवश्य करावी.

१८५ डॉलर हा आपल्या लाभाचा नववा हिस्सा आहे आणि तो वाचू शकतो. मेडिकेअर सेव्हिंग्ज प्रोग्राम या नावाने राज्ये अल्प उत्पन्नाच्या लोकांचा ‘पार्ट बी’ हप्ता भरतात. त्याच्या तीन पायऱ्यांपैकी सर्वांत वरची, ‘क्यूआय’ नावाची पायरी, २०२५ साली एकट्या व्यक्तीला महिना सुमारे १,७८० डॉलरपर्यंत खुली होती. आपण त्यात बसता. येथे मात्र बचत मोजली जाते आणि तिची मर्यादा २०२५ साली ९,६६० डॉलर होती. पुण्याची ठेव ‘ती तर तिकडची’ म्हणून अर्जातून गाळण्याचा मोह आपल्या लोकांना हटकून होतो. तो करू नये. परदेशातील ठेवही मोजलीच जाते. शिवाय गाळण्याची गरजही नाही, कारण ३ लाख रुपये म्हणजे साधारण ३,५०० डॉलर आणि दोन्ही मिळून रक्कम मर्यादेच्या आतच राहते. क्यूआय मंजूर झाले की गोळ्या-औषधांच्या खर्चासाठी ‘एक्स्ट्रा हेल्प’ आपोआप मिळते. न्यू जर्सीची स्वतःची ‘पाड’ ही औषधसाहाय्य योजना अपंगत्व-लाभ घेणाऱ्यांनाही खुली असून तीत साध्या औषधाला ५ आणि ब्रँडच्या औषधाला ७ डॉलर द्यावे लागतात. या गोष्टींसाठी ‘एनजेसेव्ह’ हा एकच अर्ज पुरतो. तो आजच भरावा, आणि पुढे दरवर्षी नूतनीकरणाची आठवण स्वतःच ठेवावी.

आता खऱ्या अडचणीकडे येतो. आपले शिरेतून घ्यायचे औषध दवाखान्यात दिले जाते, म्हणून ते ‘पार्ट बी’मध्ये मोडते, पाड किंवा एक्स्ट्रा हेल्पचा त्याला उपयोग नाही. मूळ मेडिकेअर त्याचे ८० टक्के देते, उरलेले २० टक्के आपले, आणि त्या २० टक्क्यांना वर्षाकाठी कोणतीही कमाल मर्यादा नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या औषधांच्या किमती पाहता हा पाचवा हिस्साच हजारो डॉलरचा होतो. क्यूआय तो भरत नाही. तेव्हा आपल्यापुढची निवड मेडिकेअर की मेडिकेड ही नसून, मूळ मेडिकेअरला जोडून ‘मेडिगॅप’ पूरक विमा घ्यायचा, की खासगी कंपनीमार्फत चालणारी मेडिकेअर ॲडव्हान्टेज योजना घ्यायची, ही आहे.

केंद्राच्या कायद्याने ६५ वर्षांखालील व्यक्तीस मेडिगॅप विकण्याचे बंधन कंपन्यांवर नाही. न्यू जर्सीने स्वतःच्या नियमाने ते दार थोडे किलकिले केले आहे. ‘पार्ट बी’ सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत आजार न विचारता पॉलिसी मिळते, पण निवडीला वाव फार थोडा. मुदत हुकली तर दार पुन्हा केव्हा उघडेल याची खात्री नसते. ॲडव्हान्टेज योजनेचा हप्ता पुष्कळदा शून्य असतो आणि खिशातून जाणाऱ्या खर्चाला वार्षिक कमाल मर्यादा असते. नेटवर्कमधील, म्हणजे कंपनीशी करार असलेल्या डॉक्टर-रुग्णालयांतील, उपचारांसाठी ती २०२५ साली ९,३५० डॉलरहून अधिक ठेवता येत नव्हती. मात्र आपले न्यूरॉलॉजिस्ट आणि औषध देणारे केंद्र दोन्ही त्या नेटवर्कमध्ये हवीत आणि औषधाला कंपनीची पूर्वमंजुरी लागू शकते. मेडिगॅपचा हप्ता आपल्याला कसाबसा जरी परवडत असला, तरी माझे मत त्याच बाजूने पडते, कारण हा आजार वर्षानुवर्षे सोबत राहणारा आहे. काउंटीतील ‘शिप’ या मेडिकेअर-सल्ला केंद्रात प्रशिक्षित समुपदेशक विनामूल्य बसतात. औषधाचे नाव, मात्रा आणि गेल्या वर्षीच्या उपचारांची कागदपत्रे घेऊन त्यांच्याकडून दोन्ही बाजूंचे वर्षभराचे आकडे मांडून घ्यावेत.

पुण्याच्या मुक्कामात एसएसडीआय बंद पडत नाही. ३० दिवसांच्या गैरहजेरीने थांबतो तो एसएसआय हा वेगळा लाभ. पण मूळ मेडिकेअर भारतातील उपचारांचे पैसे देत नाही, तेव्हा प्रवासविमा आपला आपण काढावा, त्यात जुन्या आजारास संरक्षण आहे की नाही ते वाचून घ्यावे, आणि औषधाच्या दोन खेपांच्या मधल्या काळातच तिकीट काढावे.