क्लच पेडल बसवताना घाई नको

पेडलचा ब्रॅकेट वेल्ड करण्याआधी सीट पक्की कर आणि त्यात बूट घालून बस. पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेलाच राहिला पाहिजे. हे सगळ्यात आधी, कारण नंतर सगळंच कापावं लागतं.

आता मोजमाप. पिव्हटपासून (पेडल ज्याभोवती फिरतं तो सांधा) पायाच्या पॅडपर्यंतचं अंतर भागिले पिव्हटपासून पुशरॉडपर्यंतचं (पेडलने ढकलला जाणारा दांडा), हे गुणोत्तर 5 ते 6 च्या आसपास ठेव. पेडलजवळचा, ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर आतून 15.87 मिमी व्यासाचा आणि त्या ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा स्लेव्ह सिलिंडर 19.05 मिमीचा असेल, तर मास्टरचा पिस्टन 25 मिमी सरकल्यावर स्लेव्हचा जेमतेम 17 मिमी सरकतो. तुझ्या क्लचला तेवढं पुरतं का ते आधी बघ. पेडल हलकं हवं म्हणून छोटा मास्टर लावलास तर क्लच पूर्ण सुटणारच नाही, गिअर करकरतील.

पुशरॉड आणि पिस्टनमध्ये एखादा मिलिमीटर मोकळीक ठेवच. माझ्या पहिल्या गाडीत ती नव्हती. मास्टरमधलं, ऑइल टाकीत परत जाण्याचं बारीक छिद्र झाकलेलंच राहिलं, ऑइल तापून फुगलं आणि साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढताना क्लच घसरायला लागला. इंजिन ओरडतंय, गाडी मात्र जागची हलेना! लॉकनट सोडून रॉड दीड आटे आत घेतला, तेव्हा सुटलो.

खाली स्टॉप बोल्टही हवाच, नाहीतर जोरात पाय पडला की प्रेशर प्लेटची (क्लच दाबून धरणारी प्लेट) स्प्रिंगची बोटं वाकतात. आणि कुणाला तरी पेडल दाबायला सांगून फायरवॉलचा (इंजिन आणि केबिनमधली भिंत) पत्रा हलतो का ते स्वतः बघ. हलला तर मागून जाड प्लेट लाव.