‘पुट ऑफ’ म्हणजे रद्द नव्हे

प्रश्न : हिंगणघाट तालुक्यातील एका जिनिंगमध्ये मी हिशेबाचे काम पाहतो. शिक्षण मराठी माध्यमातून झाले असले तरी इंग्रजी व्याकरणाची मला भीती वाटत नाही. मात्र रुईच्या गाठी घेणाऱ्या परराज्यातील व्यापाऱ्यांचे संदेश वाचताना गोंधळ उडतो. गेल्या हंगामात ‘पुट ऑफ द लोडिंग टिल मंडे’ असा संदेश आला. ‘ऑफ’ म्हणजे बंद, या समजुतीने लोडिंग रद्द झाल्याचे सांगून मी हमालांना आणि ट्रकवाल्याला मोकळे केले. सोमवारी माल भरायला ट्रकच नव्हता. एकेक शब्द ठाऊक असूनही अर्थ का लागत नाही? हे शिकावे कसे?

उत्तर : आपण ज्या ठिकाणी अडलात, तेथे चांगले पदवीधरही अडतात. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे. रद्द करण्यासाठी ‘कॉल ऑफ’ म्हणतात. त्या संदेशात एक खूण होती : ‘टिल मंडे’. रद्द झालेल्या कामाला पुढची तारीख कोणी देत नाही. अनोळखी जोडक्रियापद, म्हणजे ‘पुट ऑफ’सारखे क्रियापद आणि छोटा शब्द मिळून झालेले रूप, दिसले की आधी उरलेले वाक्य नीट वाचावे, निम्मा उलगडा तेथेच होतो.

त्याच व्यापाऱ्याने ‘पोस्टपोन’ लिहिले असते, तर आपला घोटाळा बहुधा झाला नसता. याचे मूळ इंग्रजीच्या इतिहासात आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर दरबारात आणि न्यायालयात फ्रेंच आणि लॅटिन शब्दांचे वजन वाढत गेले, पण घरातले व शेतातले बोलणे जुन्या, आखूड शब्दांवरच चालत राहिले. म्हणून आजही एकाच गोष्टीसाठी ‘पोस्टपोन’ आणि ‘पुट ऑफ’, ‘टॉलरेट’ आणि ‘पुट अप विथ’, ‘एक्स्टिंग्विश’ आणि ‘पुट आउट’ अशा जोड्या आढळतात. आपल्या शाळांनी आपल्याला मुख्यतः पहिल्या रांगेतले, म्हणजे अर्जातले आणि कार्यालयातले इंग्रजी शिकवले; फोनवर आणि घाईच्या संदेशांत मात्र दुसरी रांग येते. ही उणीव आपल्या बुद्धीची नाही, अभ्यासक्रमाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिवाय ही रीत आपल्याला परकी नाही. आपल्या भागात ‘काय करून राहिला?’ असे विचारले, तर माणूस कोठे राहतो हे कोणी सांगत बसत नाही. ‘राहणे’ येथे काम चालू असल्याचे सांगते. ‘तो बोलून बसला’ यात बसणे नाही आणि ‘देऊन टाक’ यात फेकणे नाही. इंग्रजीत असे काम ‘अप’, ‘आउट’, ‘ऑन’, ‘ऑफ’ हे छोटे शब्द करतात. ‘यूज अप’, ‘ईट अप’ यांतील ‘अप’ काम पूर्ण झाल्याचे सुचवते, तर ‘कॅरी ऑन’, ‘गो ऑन’ यांतील ‘ऑन’ ते पुढे चालू असल्याचे. हा आडाखा सगळीकडे लागू पडत नाही. ‘रन आउट’ आपल्याला क्रिकेटमुळे पाठ असते, पण ‘वी हॅव रन आउट ऑफ डिझेल’ याचा अर्थ डिझेल संपले एवढाच.

आता लिहिताना होणारी चूक. ‘टर्न ऑफ द पंप’ आणि ‘टर्न द पंप ऑफ’ ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. पण पंपाऐवजी ‘इट’ आले की ते मधेच बसते : ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ चुकीचे. ‘पुट इट ऑफ’, ‘कॉल इट ऑफ’ यांचेही तसेच. याउलट ‘लुक आफ्टर’ फुटत नाही. बैलांची काळजी घ्या म्हणताना ‘लुक आफ्टर देम’ असेच म्हणावे लागते. विद्यार्थ्यांसाठीच्या चांगल्या शब्दकोशात ‘समथिंग’ हा शब्द मधे छापला आहे की शेवटी, हे पाहिले की कर्म कोठे ठेवायचे ते कळते.

बाजारातील मार्गदर्शिकांमध्ये ‘लुक फॉर’, ‘लुक इन टू’, ‘लुक आफ्टर’ अशा याद्या एकाखाली एक छापलेल्या असतात. त्या पाठ करू नयेत; सारखे दिसणारे शब्द एकमेकांत मिसळतात आणि नेमक्या वेळी भलताच अर्थ आठवतो. त्यापेक्षा वहीत आपल्या कामाची पाने पाडावीत : गाडी, गाठी, पैसे, यंत्र. आलेल्या संदेशातले अख्खे वाक्य त्या त्या पानावर उतरवावे. यंत्र ‘ब्रेक डाउन’ झाले, दोन लॉट ‘होल्ड बॅक’ करा, तक्रारीत ‘लुक इन टू’ करतो म्हणजे चौकशी करतो, अशी वाक्ये प्रसंगासह लक्षात राहतात. आणि ज्या संदेशावर ट्रक व मजुरी अवलंबून आहे, त्याचा अर्थ लागला असे वाटले तरी उलट एक ओळ पाठवून खात्री करून घ्यावी : ‘सो, लोडिंग ऑन मंडे?’

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील शाळेत नववीला इंग्रजी शिकवते. फॉर्म ‘फिल अप’ करावा की ‘फिल इन’? आणि ‘पास आउट’ चालते का?

उत्तर : ब्रिटिश वळणात ‘फिल इन’, अमेरिकी वळणात ‘फिल आउट’. ‘फिल अप’ भारतात सर्रास चालते व समजते, तरी विद्यार्थ्यांना ‘फिल इन’ शिकवावे. ‘फिल अप’ टाकीसाठी ठेवावे. ‘पास आउट’बाबत अधिक सावध राहावे. सैनिकी प्रशिक्षण पूर्ण होण्यासाठी तो प्रयोग रूढ आहे, पण एरवी भारताबाहेर त्याचा अर्थ बेशुद्ध पडणे असा घेतला जातो. नोकरीच्या अर्जात ‘ग्रॅज्युएटेड’ लिहायला सांगावे. ‘कोप अप विथ’मधला ‘अप’ मात्र वहीत दिसताच खोडावा. ‘कोप विथ’ एवढेच शुद्ध आहे.