लेखनगटासाठी एकत्र लिहायची सोय स्वतःच्या सर्व्हरवर करावी का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: चाळीसेक जणांचा ऑनलाइन लेखनगट आहे, दिवाळी अंकासाठी सगळ्यांना एकाच मजकुरावर एकाच वेळी काम करायचंय, तर स्वतःचा सर्व्हर लावावा का आणि त्यावर काय ठेवावं. मुंबईतल्या अशाच एका गटासाठी २०२० च्या टाळेबंदीपासून मी हे काम सांभाळतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लावणं सोपं आहे, एका संध्याकाळचं काम. जबाबदारी त्यानंतर सुरू होते. लोक तुमच्या सर्व्हरवर कथा लिहितात तेव्हा बऱ्याचदा तिची दुसरी प्रत कुठेही नसते. रात्री अकराला सर्व्हर बंद पडला तर उठून बघणारं एक तरी माणूस गटात हवं. तसं कोणी नसेल तर सरळ गुगल डॉक्स वापरा. त्यात एका वेळी १०० टॅबमधून संपादन करता येतं, चाळीस जणांना ते भरपूर झालं.

आम्ही तरीही इथरपॅड हे एकत्र लिहायचं सॉफ्टवेअर लावलं, कारण गटातल्या काही ज्येष्ठ मंडळींना खातं उघडा, पासवर्ड लक्षात ठेवा, हे नको होतं. इथरपॅडमध्ये लिंक उघडायची, नाव टाकायचं, की लिहायला सुरुवात. प्रत्येकाचा मजकूर वेगळ्या रंगात दिसतो, त्यामुळे कोणी काय बदललं ते वेगळं विचारावं लागत नाही. इथरपॅड २००८ मध्ये आलं. पुढच्याच वर्षी गुगलने ते बनवणारी कंपनी विकत घेतली आणि डिसेंबर २००९ मध्ये कोड सगळ्यांसाठी खुला झाला. आज आपण वापरतो ते नंतर नोड जेएसवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवायची सोय) नव्याने लिहिलेलं रूप.

दोघं एकाच वेळी लिहितात तेव्हा आत काय होतं हे एकदा समजून घ्या. पुढच्या निम्म्या तक्रारी त्यामुळे आपोआप कळतात. समजा पॅडवर, म्हणजे इथरपॅडच्या एका पानावर, ‘पाऊस आला’ एवढंच आहे. मी दादरहून ‘पाऊस’नंतर ‘खूप’ घालतोय, म्हणजे यंत्राच्या मोजणीत पाचव्या जागेवर (त्याआधी पाच खुणा: प, काना, ऊ, स आणि मोकळी जागा). त्याच क्षणी बोरिवलीहून कोणी सुरुवातीला ‘काल’ लिहितं. त्याने आणि त्यामागच्या मोकळ्या जागेने सगळं चार जागा पुढे सरकलं. माझा बदल तसाच पाचव्या जागी बसवला तर ‘प’ आणि त्याचा काना यांच्या मधोमध ‘खूप’ घुसेल आणि काना लोंबकळत राहील. म्हणून सर्व्हर माझ्या पाचचे नऊ करतो आणि सगळ्यांच्या पडद्यावर ‘काल पाऊस खूप आला’ उमटतं. ही रीत क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्स यांनी १९८९ मध्ये मांडली, तिला ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात. आपल्या लिपीत एक अक्षर म्हणजे एक खूण नसते. ‘क्षि’ दिसायला एक, पण आत चार खुणा. त्यामुळे जागा चुकली तर मराठी वाक्य इंग्रजीपेक्षा जास्त विद्रूप होतं.

या रीतीत सर्व्हर मध्यस्थ आहे. तो गेला की काम थांबलं. आमचे निम्मे सदस्य लोकलमधून लिहिणारे. नेटवर्क गेलं की पॅड तुटल्याचं सांगतं, आणि घाईघाईने पान रिफ्रेश केलं की न पोचलेली वाक्यं गेली. म्हणून आमच्याकडे पक्का नियम आहे: गाडीत असाल तर वाचा, टिपणं करा, पण मोठा मजकूर फोनच्या नोट्समध्ये लिहा आणि घरी पोचल्यावर पॅडवर चिकटवा. नेटशिवाय लिहून नंतर आपोआप जुळणारं हवं असेल तर सीआरडीटी पद्धतीवर (यात प्रत्येकाची प्रत मध्यस्थाशिवायही नंतर जुळते) बांधलेलं काही शोधा. वायजेएस ही त्यातली चांगली लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामरसाठी तयार कोड, आहे, पण तिच्याभोवती संपादक बांधायला गटात प्रोग्रामर लागेल.

आता माझ्या हातून झालेली चूक. आम्ही लावलं तेव्हा इथरपॅड सुरुवातीला एका साध्या फाइलमध्ये सगळं साठवत असे, आणि हे फक्त चाचणीपुरतं आहे असं सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ते वाचलं आणि ‘नंतर बघू’ म्हटलं. ती साठवण पूर्ण फाइल मेमरीत चढवते. प्रत्येक बदलाची नोंद राहते, त्यामुळे फाइल फुगत जाते. आमचा सर्व्हर १ जीबीचा. सप्टेंबरमध्ये, अंकाचं काम ऐन रंगात असताना, तो रीस्टार्ट केला आणि पुन्हा उठेचना. सतरा कथा त्या एका फाइलीत. तोंडचं पाणी पळालं. शेवटी फाइल घरच्या मोठ्या मशीनवर नेऊन उघडली, एकेक पॅड बाहेर काढलं आणि पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये भरलं. पहाट झाली, पण एक ओळही गेली नाही. तुम्ही पहिल्या दिवसापासून पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस जोडा. मायएसक्यूएल घेतलंत तर कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ८एमबी४ च ठेवा. देवनागरीच्या खुणेला तीन बाइट लागतात, म्हणून त्याच्या जुन्या यूटीएफ८ मध्ये मराठी व्यवस्थित साठते आणि आपण निर्धास्त राहतो. मग कोणीतरी चॅटमध्ये चार बाइटची इमोजी टाकतं आणि तिथे गाडी अडते.

इथरपॅडच्या पुढे एनजिनएक्स (येणाऱ्या विनंत्या आत पोचवणारा वेब सर्व्हर) ठेवणार असाल तर वेबसॉकेटसाठीचे, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या सतत चालू जोडणीसाठीचे, अपग्रेड आणि कनेक्शन हे दोन हेडर पुढे पाठवायला विसरू नका. ते नसले तरी पॅड चालतं, पण रखडत, आणि दोष इंटरनेटवर जातो.

पॅडचं नाव रोमन अक्षरांत ठेवा, आणि ओळखता येणार नाही असं. वेबपत्त्यात मराठी खुणांचे टक्क्याचं चिन्ह असलेले संकेत होतात, त्यामुळे ‘कथा’ हे नाव तिथे २७ अक्षरांचं होतं. पाच शब्दांचं मराठी शीर्षक व्हॉट्सॲपवर पाठवलं तर लिंक अर्ध्यात तुटलेली मी अनेकदा पाहिलीय. आणि सोपं नाव असेल तर कोणीही अंदाजाने टाइप करून आत येऊ शकतं, कारण मूळ मांडणीत लिंक हीच किल्ली असते. सेटिंगमध्ये लॉगिन सक्तीचं करता येतं, पण मग ज्येष्ठ मंडळींचा प्रश्न परत येतो. मजकूर फारच खासगी असेल तर क्रिप्टपॅड बघा. त्यात सर्व्हर चालवणाऱ्यालाही मजकूर वाचता येत नाही. मात्र पासवर्ड हरवला तर तुम्हीही काही करू शकणार नाही, हे सभासदांना आधीच सांगा.

इतिहासाबद्दल मात्र सगळ्यांशी एकदा बसून बोला. एकदा एका सदस्याकडून फोनवर सगळं सिलेक्ट होऊन त्यावर भलताच मजकूर चिकटला. चार हजार शब्दांची कथा एका क्षणात गेली. लेखिकाबाई डोंबिवलीहून फोनवर रडत होत्या. मी टाइमस्लायडरची, म्हणजे पॅडची जुनी रूपं दाखवणारी, पट्टी मागे ओढली आणि कथा जशीच्या तशी समोर उभी राहिली. त्यांचा जीव भांड्यात पडला. पण तीच पट्टी ओढून त्यांनी पहिल्या खर्ड्यात आपल्या सासूबाईंबद्दल लिहून खोडलेला परिच्छेदही कोणालाही वाचता आला असता. लिहिणाऱ्याला खोडायचा हक्क आहे, आणि इथरपॅड काहीच विसरत नाही. म्हणून आम्ही पहिला खर्डा पॅडवर मागतच नाही. संपादनाच्या टप्प्यावर फक्त मजकूर नव्या पॅडवर नेतो, इतिहास मागे राहतो. एका पॅडवर एकच कथा ठेवतो, त्याने पॅडही जड होत नाही.

मुद्रितशोधन करताना एक गोष्ट तुम्हाला नक्की छळेल. ‘दुसऱ्या’मधला तो अर्धा र काही कीबोर्ड एका प्रकारे लिहितात, काही र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधलं तर एकच सापडतो. आम्ही अंक बंद करण्याआधी एका छोट्या स्क्रिप्टने सगळे एकसारखे करतो.

बॅकअप रोज रात्री, आणि त्याच सर्व्हरवर नाही, दुसरीकडे. महिन्यातून एकदा मी तो घरच्या लॅपटॉपवर उतरवतो आणि कुठलीही एक कथा शेवटपर्यंत उघडून बघतो. तुम्ही चार जणांना आणि एका कथेला घेऊन सुरू करा. पहिल्या आठवड्यातच ही तपासणी करून घ्या, मग बाकीच्या छत्तीस जणांना लिंक पाठवा.