पंख्याचे ठोके आणि हेरिंगचे बुडबुडे

प्रश्न : पाण्याखालची पाणबुडी परकी आहे, हे नुसत्या आवाजावरून कसं कळतं?

उत्तर : आधी पाणबुडीला पुढे ढकलणाऱ्या पंख्याचे ठोके मोजतात. सात पात्यांचा पंखा मिनिटाला 120 फेरे घेत असेल, तर सेकंदाला 2 फेरे, म्हणजे 14 ठोके. हा आकडा आणि पंपांची गुणगुण जुन्या नोंदींशी ताडून पाहतात. मात्र पाणबुडी हळू चालली, की पात्यांवर बुडबुडे होणं थांबतं आणि ठोकेच हरवतात.

शिवाय कान फसतात! 1981 मध्ये सोव्हिएत पाणबुडी स्वीडनच्या कार्ल्सक्रोना या नौदल तळाजवळ खडकावर चढली, तेव्हापासून स्वीडन धास्तावलेलाच. पुढे कढईत तळण टाकल्यासारखी चुरचुर ऐकू यायची. संशय अर्थात पाणबुडीवर. 1990च्या दशकात तपासलं, तर हेरिंग मासे हवेच्या पिशवीतली हवा मागच्या बाजूने सोडत होते.