शेअर निवडणुकीआधी विकू की नंतर?

न्यू जर्सीतल्या एका वाचकांचं पत्र, थोडक्यात: वय ४७, एका औषध कंपनीत १६ वर्षं नोकरी, पगार दीड लाख डॉलर. उमेदवार औषधांच्या किमतींवर तुटून पडलेत, शेअर उच्चांकावरून तीस टक्के खाली आहे. "निवडणुकीआधी विकू, की निकाल लागून जुना भाव आला की विकू?" खाली जमाखर्च दिलाय. ४०१(के)मध्ये, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती खात्यात, ३ लाख १० हजार, त्यातले २ लाख १० हजार कंपनीच्याच शेअरमध्ये. आरएसयू (कंपनीने मोबदल्यात दिलेले शेअर) आणि ईएसपीपी (कर्मचारी खरेदी योजनेतून घेतलेले शेअर) मिळून आणखी दीड लाखाचे शेअर. बँकेत १४ हजार, महिन्याचा खर्च ७ हजार. एक इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ पॉलिसी (शेअर निर्देशांकाशी जोडलेला आयुर्विमा), हप्ता महिना एक हजार. मुलगी दोन वर्षांत कॉलेजला जाईल.

निवडणुकीचं आधी उरकतो.

२१ सप्टेंबर २०१५ ला हिलरी क्लिंटन यांनी औषधांच्या अवाच्या सवा किमतींवर एक ट्वीट केलं आणि नॅसडॅकचा बायोटेक निर्देशांक त्या दिवशी चार टक्क्यांहून जास्त घसरला. पुढच्या वर्षी त्या हरल्या, दुसऱ्या दिवशी औषधांचे शेअर उसळले. संकट टळलं म्हणून ज्यांनी तेव्हा खरेदी केली, त्यांचा आनंद दोन महिने टिकला. जानेवारी २०१७ मध्ये निवडून आलेले ट्रम्पच या कंपन्यांवर बरसले आणि भाव पुन्हा पडले. मेडिकेअरला, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याला, किमतींवर घासाघीस करू देणारा कायदा झाला तो २०२२ मध्ये, बायडन यांच्या काळात. पहिल्या दहा औषधांच्या नव्या किमती लागू झाल्या १ जानेवारी २०२६ ला. मधुमेहाच्या जानुव्हियाची महिन्याची किंमत ५२७ डॉलरवरून ११३ वर आली. म्हणजे त्या ट्वीटपासून दहा वर्षं गेली, आणि मधे तीन अध्यक्षीय निवडणुका झाल्या.

तेव्हा निकाल अचूक ओळखलात तरी तेवढ्याने भागत नाही. कायदा होईल का, कोणती औषधं सापडतील, कधी सापडतील, हेही ओळखावं लागेल. सध्याच्या कायद्यात साध्या गोळीला मंजुरीनंतर साधारण ९ वर्षांनी नवी किंमत लागू शकते, बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेल्या औषधाला १३ वर्षांनी. तुम्हीच लिहिलंय की कंपनीची निम्मी विक्री एका औषधावर आहे. त्याचं पेटंट कधी संपतंय ते वार्षिक अहवालात छापलेलं असतं. उमेदवारांची भाषणं ऐकण्याआधी ते पान वाचा.

आता खरं दुखणं. तुमच्याकडे घर सोडून पावणेपाच लाख आहेत, त्यातले ३ लाख ६० हजार एका शेअरमध्ये. चार डॉलरमधले तीन. पगार तिथूनच, घरच्यांचा आरोग्य विमाही तिथूनच. कंपनी अडचणीत आली तर तुमचं सगळं एकाच आठवड्यात जाईल, आणि हाताशी दोन महिन्यांचा खर्च आहे.

न्यू जर्सीच्याच मर्कचं उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर २००४ ला त्यांनी व्हायॉक्स हे वेदनाशामक बाजारातून मागे घेतलं, कारण ते घेणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसला. शेअर एका दिवसात सुमारे २७ टक्के पडला. त्याच रात्री अध्यक्षपदाचे उमेदवार बुश आणि केरी यांची पहिली वादचर्चा होती, विषय होता परराष्ट्र धोरण. भाव तोवर पडून गेला होता. असा दिवस तुमच्यावर आला तर ९७ हजार डॉलर जातील.

"जुना भाव आला की विकतो" हे मी दर महिन्याला कुणाकडून तरी ऐकतो. तुम्ही कितीला धरून ठेवलाय हे शेअरला माहीत नसतं. स्वतःला एवढंच विचारा: आज हातात ३ लाख ६० हजार रोख असते, तर सगळ्याचे याच कंपनीचे शेअर घेतले असते का? नाही ना? मग विका.

सुरुवात ४०१(के)पासून करा, कारण आतल्या आत विकून इंडेक्स फंडात टाकलं तर कर शून्य. एन्रॉन बुडण्याच्या आदल्या वर्षी कर्मचाऱ्यांच्या ४०१(के)तला निम्म्याहून जास्त पैसा एन्रॉनच्याच शेअरमध्ये होता. त्यानंतर २००६ च्या कायद्याने कर्मचाऱ्याला कंपनीच्या शेअरमधून बाहेर पडायचा हक्क दिला. तुमची १६ वर्षं झालीत, कोणी अडवणार नाही. अगदी जुने, कवडीमोलाने आलेले शेअर असतील तर सीपीएला (कर सल्लागाराला) एनयूएबद्दल, म्हणजे ४०१(के)तल्या कंपनी शेअरवरच्या कर सवलतीबद्दल, एकदा विचारा, पण त्या निमित्ताने वर्ष घालवू नका.

बाहेरच्या दीड लाखातले चढ्या भावाला आलेले शेअर आधी विका, त्यावर कर जवळपास नसेल. पहिले ३० हजार बँकेत, म्हणजे सहा महिन्यांची सोय झाली. कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांचे पैसे ट्रेझरी बिलांत (सरकारी अल्पमुदतीच्या रोख्यांत) किंवा सीडीत (बँकेच्या मुदत ठेवीत). पुढचे आरएसयू हातात पडले की त्याच दिवशी विका. कंपनीचा शेअर एकूण रकमेच्या दहा टक्क्यांवर नको.

पॉलिसीबद्दल तुम्ही विचारलं नाही, मी बोलणार आहे. ४८ हजार भरले, सरेंडर केली तर २९ हजार मिळतात. ओळखीतल्या माणसाने "करमुक्त पेन्शन" म्हणून गळ्यात मारली. घरी ते जाडजूड इलस्ट्रेशन, म्हणजे पॉलिसीचा वर्षवार आकड्यांचा तक्ता, असेल, ते उघडा. त्याने तुम्हाला उजवीकडचा, वाढीच्या अंदाजाचा रकाना दाखवला असणार. डावीकडे हमीचा रकाना असतो, तो वयाच्या कितव्या वर्षी शून्य होतो ते बघा. निर्देशांकाचा लाभांश यात धरत नाहीत, वाढीवर कमाल मर्यादा असते आणि विम्याचा खर्च वयाबरोबर चढत जातो. सात टक्के दरसाल मिळतील हे स्वप्न सोडून द्या.

या हजार डॉलरपायीच तुम्ही ४०१(के)मध्ये फक्त पाच टक्के, साडेसात हजार भरताय. २०२५ ची मर्यादा साडेतेवीस हजार होती. वर्षाचे हे बारा हजार तिकडे वळवले तर २२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सुमारे २,६०० डॉलर कर दरवर्षी वाचतो. गेलेले १९ हजार भरून काढायला आणखी हप्ते भरू नका.

पाच लाखांचं विमासंरक्षण मात्र हवंच, मुलगी शिकायची आहे. तब्येत ठीक असेल तर वीस वर्षांची टर्म पॉलिसी महिना शंभराच्या आसपास मिळावी. आधी त्या टर्म पॉलिसीसाठी तुमची वैद्यकीय तपासणी होऊ द्या, पॉलिसी हातात येऊ द्या, आणि मगच जुनीच्या सरेंडरचा अर्ज पाठवा.