‘इफ यू आर फीलिंग सिनिस्टर’ हा बेल अँड सबॅस्टियन या स्कॉटिश बँडचा पहिला अल्बम की दुसरा?

दुसराच; पहिला ‘टायगरमिल्क’, पण दोन्ही १९९६चेच, म्हणून घोळ होतो. ‘टायगरमिल्क’ ग्लासगोच्या स्टो कॉलेजमधल्या म्युझिक बिझनेसच्या कोर्सतर्फे निघाला होता, तोही फक्त विनाइलच्या तबकडीवर, जेमतेम १,००० प्रती. १९९९मध्ये तो पुन्हा निघेपर्यंत बहुतेकांच्या कानावर आधी ‘सिनिस्टर’च पडला होता. माझ्या मते ऐकायला सुरुवातही त्यापासूनच करावी, गाणी जास्त सरस आहेत. फक्त रेकॉर्डिंग जरा पातळ वाटतं. पहिलं गाणं तर इतक्या हळू सुरू होतं की हात आपसूक आवाज वाढवायला जातो. बँडलाही ते रेकॉर्डिंग पसंत नव्हतं, म्हणून २००५मध्ये लंडनच्या बार्बिकन सभागृहात अख्खा अल्बम लाइव्ह वाजवून तेही प्रसिद्ध केलं. तरी आधी मूळचाच ऐका.