प्रीडायबेटिस निघालाय? आधी ताट बघा

तुमचा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारा आकडा, ६.१ टक्के आला म्हणून इतकं घाबरू नका. ५.७ ते ६.४ हा प्रीडायबेटिसचा, म्हणजे मधुमेहाच्या आधीचा टप्पा, आणि इथून मागे फिरता येतं. मी फिरलोय.

पहिल्याच दिवशी सगळं गोड, सगळं धान्य बंद करू नका. ते पंधरा दिवस टिकतं, मग दुप्पट खाल्लं जातं. त्यापेक्षा ताटाची वाटणी बदला: अर्धं ताट भाज्या, पाव भाग डाळ, कडधान्य, अंडी किंवा मासे, उरलेल्या पावात धान्य. बटाटा भाजीत धरू नका, तो धान्याच्याच वाट्यातला. खातानाही भाजी आणि डाळ आधी, धान्य शेवटी; साखर एकदम चढत नाही. मला सर्वांत जास्त फरक यानेच पडला.

फळ अख्खं खा. रस नको, घरी काढलेलासुद्धा. गूळ आणि मध म्हणजे साखरच, त्यात स्वतःला फसवू नका. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला.

वजन जास्त असेल तर ५ ते ७ टक्के उतरलं तरी मधुमेहाचा धोका बराच घटतो. ८० किलोला चार-साडेपाच किलो, एवढंच. औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच बदल करा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून आकडा मला नक्की कळवा.